आपल्या कंपनीचं वावर

दिवेलागणीनंतरची गोष्ट. देवाजवळ दिवा लावला, आणि रोजच्यासारखं टीव्हीखालचं ते काळं मशीन सुरू केलं. दहा मिनिटं बरं चाललं. मग आतून असा घरघर आवाज यायला लागला की मला वाटलं, शेजारच्यांनी पिठाची चक्की टाकली. अर्ध्या तासाने मशीन आपोआप बंद पडलं. हात लावला तर तव्यासारखं गरम. मी पदराने त्याला वारा घातला. हसू नका. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून घातला.

त्या मशीनमध्ये आमच्या ह्यांचं वावर आहे. वावर म्हणजे शेत. खरं नाही, व्हिडिओ गेममधलं. पण त्यात कापूस फुटून पांढरा उभा आहे आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने पेरलेला आहे. ते जाऊन दोन वर्षं झाली. वेचणी राहून गेली.

आता सत्तरीच्या बाईला व्हिडिओ गेमचं काय, असं सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीत सगळ्याच विचारतात. सातवीपर्यंत शिकलेली मी, इंग्रजी अक्षरंसुद्धा त्याच मशीनच्या नादाने लावायला शिकले. पण हे कसं झालं ते सांगायचं तर दुकानापासून सांगावं लागेल.

पहिलं मशीन घेतलं तेव्हा आमची मुलगी बारा वर्षांची होती. पहिल्या पाचात आली तर गेम घेऊन देतो, असं हे बोलून बसले होते, आणि पोरगी वर्गात दुसरी आली. हे ऑफिसात बाबू, शब्दाचे पक्के. एका रविवारी आम्ही तिघं स्कूटरवर वर्ध्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन कंपन्यांचे दोन डबे ठेवले. पोरगी बापाची बाही ओढायला लागली.

"बाबा, तो दुसरा. माझ्या मैत्रिणीकडे तोच आहे. साऱ्यांकडे तोच आहे."

ह्यांनी आधी एक डबा दोन्ही हातांनी उचलून तोलला, मग दुसरा. बाजारात टरबूज तोलत तसा. मग दुकानदाराला विचारलं, "आमच्या घरी टीव्ही कोणत्या कंपनीचा आहे, माहीत आहे का तुम्हाले?"

"नाई बा, साहेब."

"या काळ्या डब्याच्या कंपनीचा. लग्न झालं तवा घेतला. आजवर दुरुस्तीले पेचकस लागला नाई त्याले. रेडिओ त्याच कंपनीचा, तो तं माह्या बापानं घेतलेला. अजून वाजते. हाच बांधून द्या."

"पण साहेब, टीव्ही वेगळा, गेम वेगळा. पोरांचं याच्यात..."

"घर तं एकच आहे ना?" हे म्हणाले. "आणि वजन पाहा याच्यात."

मी मध्ये तोंड घातलं. "अहो, खेळणार पोरगी. ती काय म्हणते ते तं ऐका."

"अवो, तुले डाळीतलं कळते तसं मले कंपनीतलं कळते."

त्यांना डाळीतलं काहीच कळत नव्हतं हे खरं. तूर आणायला सांगितली तर हरभऱ्याची घेऊन येत. त्या हिशोबाने मला कंपनीतलं कळत नसणार, असं धरून मी गप्प बसले. तेवढं एक वाक्य बोलले आणि गप्प बसले. हे मला पुढे फार आठवलं.

घरी येताना पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये, मांडीवर डबा. सिंदी मेघे येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आनंदाने बोलत नसेल.

मग कळलं ते असं, की या कंपनीची डिस्क त्या कंपनीच्या मशीनमध्ये चालत नाही. तिच्या वर्गातल्या पोरी शनिवारी शाळा सुटली की एकीच्या घरी जमत. तिथे डिस्कांची अदलाबदल व्हायची, तू मला गाड्यांची दे, मी तुला मारामारीची देते. आमचीही जायची. पण तिच्याकडची डिस्क कोणाच्या कामाची नाही, आणि ज्याच्याकडे द्यायला नाही त्याला घ्यायलाही मिळत नाही. काही दिवसांनी तिने जाणं सोडलं. "अभ्यास आहे," म्हणायची. घरीच खेळायची. एकटी कंटाळली की बापाला ओढून बसवायची. त्यांना आधी काही जमेना. गाडी उलटीच चालवत. ती ओरडायची, "बाबा, डाव्या हाताले, डाव्या!" आणि हे आख्ख्या अंगाने डावीकडे झुकत. मी भाजी निवडता निवडता बघत बसायची. बापलेकीचं असं गूळपीठ पाहून मला बरं वाटायचं. तिचे शनिवार कुठे गेले, हे मी काही कधी विचारलं नाही.

पोरगी शिकली, नागपूर झालं, पुणे झालं, मग लग्न होऊन हॉलंडला गेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने आम्हाला नवं मशीन पाठवलं. त्याच कंपनीचं. तिकडे स्वतःसाठीही तेच घेतलं, म्हणजे इंटरनेटवर बापलेकीला एकत्र खेळता येईल. ह्यांनी ते मशीन घरी आलं त्या दिवशी पेढे वाटले. ज्याला त्याला सांगत, "पोरगी परदेशात गेली, पण कंपनी नाई बदलली तिनं." जसा काही यांचा त्या कंपनीत हिस्सा होता. टीव्ही बदलायची वेळ आली तेव्हाही चपटा टीव्ही त्याच कंपनीचा आला. बोलताना तिचं नावसुद्धा घेत नसत. "आपली कंपनी" म्हणत.

ह्यांचं मूळ गाव आंजी. नोकरी लागली तेव्हा शेती थोरल्या दिरांनीच पाहावी असं ठरलं, त्यात वाकडं काही नव्हतं. पण कापूस फुटला की हे सुट्टी टाकून आंजीला जात. कमरेला ओटी बांधून बायकांच्या ओळीत वेचायला उभे राहत. बाया हसत, "बाबूजी, पेन चालवा तुम्ही!" यांना काही फरक पडत नसे. रिटायर झाले आणि दोन वर्षांत गुडघे गेले. डॉक्टरांनी ढेकळात चालायचं नाही म्हणून सांगितलं. त्या वर्षी दिवाळीत हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आणि आंजीकडून कापसाची गाडी येते काय असं रस्त्याकडे बघत होते. मी फोनवर पोरीला सांगितलं. तिने कुठून कुठून शोधून कापूस असलेला शेतीचा गेम काढला आणि मशीनमध्ये घालून दिला.

गेमातला माणूसही तिनेच बनवला. टक्कल, मिशा, पांढरा सदरा. हुबेहूब हे. पायात मात्र जोर होता. तरातरा चालायचा.

मग काय, सकाळ-संध्याकाळ शेती. नांगरणी, पेरणी, निंदण. कोपऱ्यात एक टेकडी होती तिला हे आमच्याकडच्या टेकडीच्या नावाने गिरड म्हणायचे, आणि जो नाला वाहायचा त्याला आमच्या नदीच्या नावाने धाम. मला हाक मारत, "अवो, धामले पाणी आलं, पाह्यले ये!" दर रविवारी चारच्या सुमाराला, तिकडे जेवणाआधीची वेळ, पोरगी गेमच्या फाटकातून वावरात यायची, लाल ब्लाऊज घातलेली छोटी बाई. दोघं मिळून निंदत. कानाला ते हेडफोन लावून गप्पा चालत. कापसाचा भाव, तिकडची थंडी, जावयाची नोकरी. फोनवर यांना दोन वाक्यांपुढे बोलता येत नव्हतं. "जेवली का? बरी आहे ना? घे, आईशी बोल." पण हाताला निंदण असलं की तासभर बोलत.

पहिल्यांदा कापूस फुटला त्या दिवशी मला म्हणाले, "दही आहे का घरात? दहीभात कालव. सीतादही करायची आहे."

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी तशीच करत नाहीत. वावरात पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि थोडा दहीभात चारी बाजूंना शिंपडायचा. मग वेचायला हात लावायचा. कापूस दह्यासारखा पांढरा आणि भरपूर निघावा म्हणून.

"टीव्हीले दहीभात?" मी म्हटलं. "डोकं फिरलं का तुमचं?"

"टीव्हीले काऊन? वावराले. टीव्ही तं फक्त धुरा आहे." धुरा म्हणजे बांध. "पाह्य, आपण धुऱ्यावर बसलो आहो."

आंजीच्या वावरातले पाच खडे त्यांनी एका पितळी डबीत आणून ठेवलेले होते, ते मला तेव्हाच कळलं. टीव्हीपुढे पाटावर मांडले. मी कपाळावर हात मारत दहीभात आणला. पलीकडे पोरगी हेडफोनमध्ये हसून हसून बेजार. आणि मग एकदम म्हणाली, "बाबा, माह्याकडूनही शिंपडा ना थोडा." ह्यांनी शिंपडला. टीव्हीवर दोन शितं चिकटली ती मी पुसली.

गंमत पुढे आहे. गेममधलं वर्ष महिन्याभरात संपतं. त्यामुळे आमच्या घरी दर महिन्याला सीतादही. मी म्हणायची, "आंजीत वर्षातून एकदा, तुमची काय बारमाही!" तर म्हणत, "मले हयातीत जितक्या वेचण्या चुकल्या तितक्या काढून घेऊन राह्यलो." आणि वेचायचे कसे, तर दोन ओळी. दोन ओळी वेचल्या की त्या टकल्या माणसाला घरात नेऊन झोपवायचे. त्या गेमचा नियम असा, की माणूस बिछान्यावर झोपला की दिवस संपतो, आणि तेव्हाच मशीन सारं लक्षात ठेवतं. झोपायच्या आधी बंद केलं तर त्या दिवसाचं काही धरत नाही. पुन्हा तीच सकाळ.

शेवटच्या वेळी त्यांनी पूर्ण वावर निंदून काढलं. वीस ओळी. बोंडं फुटली. माणसाला झोपवलं, मशीन बंद केलं आणि मला म्हणाले, "विरजण लाव. उद्या सीतादही करू." मी विरजण लावलं. सकाळी दही इतकं छान लागलं होतं, सुरीने कापावं असं. ते सांगायला मी खोलीत गेले.

एवढंच सांगते. पुढचं सगळ्यांच्या घरी सारखंच असतं.

तेराव्यानंतर पोरगी परत गेली आणि मी एका संध्याकाळी ते मशीन लावलं. तिच्या आणि त्यांच्या मागे बसून बसून मला थोडं येत होतं. कोंबडा आरवला, सकाळचे सहा वाजले. घराच्या दारात हे उभे, पांढरा सदरा, मिशा. समोर सगळं वावर पांढरं. मी त्यांना धुऱ्याधुऱ्याने चालवलं. गिरडपर्यंत नेलं, धामच्या काठाने परत आणलं. कापसाला हात लावला नाही. झोपवलं नाही. मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी लावलं तर तीच सकाळ, तोच कोंबडा. त्यांनी जिथे सोडलं होतं तिथेच सगळं. असं मी दोन वर्षं केलं. रोज. रविवारी पोरगी यायची, आम्ही दोघी नाल्याकाठी बसायचो, बोलायचो. तीही कापसाबद्दल कधी काही म्हणाली नाही.

आणि आता मशीनला ताप आला.

पिशवीत घालून त्याच दुकानात नेलं. आता तिथे जुन्या दुकानदाराचा मुलगा बसतो. त्याने मशीन उघडलं, फुंकर मारली, ब्रशने झाडलं, आणि डोकं हलवलं.

"काकू, वय झालं याचं. पंखा गेला आणि आतलंही गेलं. महिनाभर चालेल, तेही अर्धा अर्धा तास. नवीन घ्या."

"आणि वावर?"

त्याला वावर समजावून सांगावं लागलं. तो चांगला पोरगा, हसला नाही. म्हणाला, "याच कंपनीचं नवीन घेतलं तर जसंच्या तसं येते. मी टाकून देतो."

"आणि दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर?"

"तर नाही येत, काकू. या दोन कंपन्या एकमेकींच्या घरचं पाणी पीत नाहीत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण तुम्हाले दुसरी कशाले पाहिजे? काका तर उभ्या जन्मात..."

कशाला पाहिजे, ते मी त्याला सांगितलं नाही. आधल्याच रविवारी पोरीने सांगितलं होतं, की ती दुसऱ्या कंपनीचं मशीन घेते आहे. आमची नात आता सात वर्षांची. तिच्यासाठी. महिनाअखेरीला जुनं मशीन विकून टाकणार. म्हणजे काय झालं बघा. आपल्या कंपनीचं घ्यावं, तर वावर राहील, हे राहतील, आणि त्या वावरात मी एकटी. दुसरीचं घ्यावं, तर दर रविवारी पोरगी भेटेल, नातही भेटेल, आणि हे मागे राहतील. दोन्ही मशीनं घ्यावी एवढी काही माझी पेन्शन नाही. आणि असती तरी रोज संध्याकाळी मी कोणतं लावलं असतं, ते मला ठाऊक आहे.

मी दुकानातून तशीच परत आले आणि पोरीला फोन लावला. खरं सांगते, भांडायलाच लावला होता.

"तू काऊन बदलून राह्यली?" मी म्हटलं. "आपल्या घरात आजवर..."

"आपल्या घरात काय, आई?"

"आपल्या घरात दुसरी कंपनी आली नाई कधी."

तिने पलीकडे दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "आई, हिच्या वर्गातल्या साऱ्या पोरी शाळेतून आल्या की त्या दुसऱ्या मशीनवर भेटतात. ही खिडकीत बसून राहते. विचारलं तर म्हणते, 'मला चित्र काढायचं आहे.' मले पाह्यवत नाही. मी बसली आहे तशी."

मला तिचा तो 'अभ्यास आहे' आठवला. पंचवीस वर्षांनी.

"मंग तवा बोलली काऊन नाई?"

"बोलली तर होती. दुकानात. तुमच्या दोघांसमोर."

पण भांडायला बसलेलं माणूस लवकर उठत नाही. मी म्हटलं, "बरं, तवा लहान होती. मंग नोकरी लागल्यावर तर पैसे तुझे होते. तवा काऊन घेतली हीच कंपनी? एकदा नाई, दोनदा?"

"मी कंपनी कुठं घेतली, आई," ती म्हणाली. "तिकडं बाबा होते ना."

फोन ठेवला. हे सगळ्या कॉलनीला सांगत फिरले, की पोरगी कंपनीला धरून आहे. आणि मी दोन वर्षं त्या कापसाच्या धुऱ्यावर फिरत होते. पोरगी दर रविवारी येऊन नाल्याकाठी बसत होती, तिची पोरगी तिकडे खिडकीत, आणि ही इकडे आईजवळ. माझ्यासाठी थांबली होती ती दोन वर्षं.

दोन दिवसांनी मीच तिला म्हटलं, "येत्या रविवारी ये. सीतादही करू."

शनिवारी विरजण लावलं. त्यांच्यानंतर घरात मी दही विकतचंच आणत होते. रविवारी डबी उघडली, पाटावर पाच खडे मांडले. हळदकुंकू लावताना पहिलं बोट खड्याऐवजी पाटालाच लागलं. चार वाजता फाटकातून लाल ब्लाऊजवाली आली. मी दहीभात शिंपडला. दोघींनी वेचायला सुरुवात केली. ती एका ओळीला, आणि दुसऱ्या ओळीला हे, म्हणजे मी. मशीन घरघरायला लागलं.

"आई, घाई कर, सारं काढून घेऊ!"

आम्ही बोलायचं सोडून नुसत्या वेचत सुटलो. नऊ ओळी झाल्या, दहा झाल्या. अकराव्या ओळीत मशीन बंद पडलं. अंधार.

ते गार होईपर्यंत मी पदराने वारा घालत बसले. पुन्हा लावलं. कोंबडा आरवला. सहा वाजले. दारात हे उभे, आणि वावर सगळं पांढरं. वीसच्या वीस ओळी.

"झोपायच्या आधी बंद पडलं ना, आई," पोरीचा आवाज आला. "धरलंच नाही त्यानं."

"म्हणजे वेचलेलं सारं?"

"परत झाडावर."

आणि मला काय झालं सांगू? मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण छातीतला दगड उतरल्यासारखं बरं वाटलं. म्हटलं, राहू दे. नाही वेचला जात तर नाही. राहू दे उभा. मी तसं म्हणणार, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "आपलंच चुकलं. एका दिवसात सारं वावर कोणी वेचते का? बाबा कसे करायचे, विसरली? दोन ओळी झाल्या का बिछाना."

विसरले नव्हते. दोन वर्षांत मला एवढंच तर नको होतं.

त्या दिवशी दोन ओळी वेचल्या. मग त्यांना घरात नेलं. बिछान्याजवळ उभं केलं. मशीनने विचारलं, झोपायचं का? हो म्हणायचं बटण उजवीकडे. माझं बोट त्यावर होतं, पण दाबेना. पलीकडून पोरीचा श्वास ऐकू येत होता. मी दाबलं. अंधार झाला, मग उजाडलं. कोंबडा तोच होता, पण धुकं नवीन होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या वावरात दुसरा दिवस निघाला. डाव्या हाताला दोन ओळी रिकाम्या.

मग रोज संध्याकाळी दिवा लावायचा, दोन ओळी वेचायच्या, त्यांना झोपवायचं. मशीन एवढ्या वेळात फार ओरडायचं नाही. आठ दिवस असं चाललं. महिनाअखेरच्या आधीच्या रविवारी पोरगी शेवटची आली आणि या वेळी तिच्या मांडीवर नात बसलेली होती. नातीने विचारलं, "आजी, हे आजोबा आहेत?" मी म्हटलं, हो. "मग ते बोलत का नाहीत?" पोरगी म्हणाली, "ते काम करताना आजीशीच बोलायचे." तसं नव्हतं. तिच्याशी बोलायचे. पण मी दुरुस्त केलं नाही. नातीसाठी त्या दिवशी दोन पाळ्या केल्या, आठवी आणि नववी. अठरा ओळी संपल्या. लाल ब्लाऊजवाली फाटकापर्यंत गेली, परत वळली, थोडी उभी राहिली आणि निघून गेली.

शेवटच्या दोन ओळी मी वेचल्या नाहीत. वेळ होता, मशीनही कदाचित चाललं असतं. त्याचं कारण मला विचारू नका. त्यांना त्या दोन ओळींच्या शेजारी धुऱ्यावर आणून उभं केलं आणि बटण बंद केलं. मशीन त्यांच्या दुपट्ट्यात गुंडाळून, वर पाच खड्यांची डबी ठेवून, कपाटात ठेवून दिलं.

सोमवारी ऑटो करून दुकानात गेले.

"दुसऱ्या कंपनीचं दे."

पोरगा बघतच राहिला. "काकू, नक्की? आपल्या कंपनीचंही आलं आहे. वावर टाकून देतो मी."

"बांध तू."

त्याने डबा काउंटरवर ठेवला. बांधायच्या आधी मी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. वजन होतं. येताना डबा मांडीवर घेऊन बसले. ऑटोवाला ओळखीचा, तो विचारत होता, "मावशी, काय घेतलं एवढं?" सिंदी मेघे येईपर्यंत माझ्याने काही बोलवलं नाही.

रविवारी चार वाजता हेडफोन लावले. या नव्या खेळात वावर नाही. नुसते रंगीत ठोकळे, त्यांची घरं बांधायची. नात तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन तिथे आधीच उभी होती. त्या काय बोलत होत्या मला कळलं नाही, पण हसत होत्या. नातीने मला बोलावणं पाठवलं. पडद्यावर विचारलं, आत यायचं का?

मी उजवीकडचं बटण दाबलं. बोलावणं पडद्यावरून निघून गेलं.

"आजी! ते नाही! हो म्हणायचं खाली असतं, खाली!"

तिने पुन्हा पाठवलं. मी पुन्हा उजवीकडचं दाबलं. बोट ऐकेना. इतकी वर्षं तिकडेच जात होतं ते. पोरगी मागून हसायला लागली, अगदी त्या दहीभाताच्या दिवशी हसली होती तशी, आणि मग मध्येच थांबली.

"सावकाश, आई," ती म्हणाली. "आम्ही आहो इथंच."

तिसऱ्यांदा बोलावणं आलं. मी हात बघितला. अंगठा उजवीकडेच टेकलेला. दुसऱ्या हाताने धरून मी तो खाली आणला.

"थांब माय," मी म्हटलं, "येते."